कोणते जाधव?

रविवारी राजानंदनं मंडळाचे अध्यक्ष काकासाहेब यांना भर मैदानात सुनावलं. म्हणजे तसं काही झालंच नाही. मंडळाच्या वहीत नोंद नाही आणि ऐकल्याचं एकही सदस्य कबूल करत नाही. तेव्हा ते राहू द्या.

बदली होऊन मंठ्याला आल्यापासून तीन आठवडे कचेरीबाहेर त्याच्याशी फक्त घरमालक बोलायचा, तोही पाण्याच्या मोटारीबद्दल. राजानंदला एक दोस्त पाहिजे होता. बस्स. म्हणून तो शाळेच्या मैदानावरच्या ‘चालता-बोलता मंडळा’त गेला. नियम सोपा: दर फेरीला जोडीदार बदलायचा, मोबाइल खिशात, तोंड चालू.

पहिल्या फेरीला स्पेअर पार्टवाला भागवत.

“पूर्ण नाव सांगा ना भाऊ.”

“राजानंद जाधव.”

भागवतचा चेहरा उजळला, पण निम्माच. “कोणते जाधव?”

“धावड्याचे.”

“ते बराबर. पण धावड्यातले कोणते?”

“उंचवाले. घरात सगळे सहा फुटी.”

दुसऱ्या फेरीला साळूबाईंनी पाव्हणे कुठले ते विचारलं, तिसऱ्या फेरीला बद्रीनाथनं घर गावाच्या कोणत्या अंगाला ते, चौथ्या फेरीला कुणीतरी कुलदैवत. जेवतो कुठं, क्रिकेट बघतो का, बूट चावतो का, हे कुणी विचारलं नाही. बूट चावत होता.

पाचव्या फेरीला अध्यक्ष काकासाहेब, निवृत्त मुख्याध्यापक. “आपण तसलं काही मानत न्हाई हं. सहज विचारून राह्यलो.”

“काय?”

“तेच.”

“बौद्ध आहे मी, सर. झालं? आता बोलायचं?”

“बिलकुल बोलायचं!” काकासाहेब म्हणाले आणि पळत सुटले.

दोन्ही गुडघे बदललेला माणूस! पुढच्या फेरीला बद्रीनाथ पळाला, त्याच्या पुढच्या फेरीला साळूबाई, नऊवारी सावरत. आठवडाभरात मंडळाचा वेग इतका वाढला, की साळूबाईंची शुगर उतरली. राजानंद रोज पाठींशी बोलत होता. त्याला आता पाठीवरून माणूस ओळखता यायचा.

रविवारी त्यानं काकासाहेबांना गाठलं.

“सर, थांबा! दोस्त करायला आल्तो मी. तुम्ही खोदून खोदून विचारलं अन् उत्तर मिळाल्यावर पळाले. लाज वाटत न्हाई?”

“लेखी दे,” काकासाहेब वेग न तोडता म्हणाले.

त्यानं लेखी दिलं.

प्रति,
मा. अध्यक्ष, चालता-बोलता मंडळ, मंठा.
विषय: सदस्यांनी पळून न जाण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयी सादर, की अर्जदाराची जात मंडळास कळाली असून चौकशी पूर्ण झाली आहे. तरी ज्या सदस्यांनी अर्जदाराचे पाव्हणे, कुलदैवत व घराची बाजू विचारली, त्या प्रत्येकाने अर्जदारासोबत एक पूर्ण फेरी, अर्जदाराच्या वेगाने व अर्जदाराकडे तोंड ठेवून मारावी, आणि त्या फेरीत किमान एकदा ‘जेवलास का’ असे विचारावे, असे आदेश तात्काळ व्हावेत, ही नम्र विनंती.