पाचशे फूट

"हो," लुशस म्हणाला.

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून वर पाहिलं. मी दाराशी उभा होतो. जॉर्जियातल्या या कोर्टात अठ्ठावीस वर्षं मी लोकांना 'उठा' आणि 'बसा' म्हणतोय. एवढ्या काळात त्या प्रश्नाला 'हो' हे उत्तर मी कधी ऐकलं नव्हतं.

प्रश्न नेहमीचाच होता. गुन्हा कबूल करावा म्हणून तुम्हाला कोणी धमकावलंय का? चोर असो, दारुडा असो, सगळे 'नाही, मॅडम' म्हणतात आणि पुढचा खटला पुकारला जातो.

"कोणी धमकावलं, मिस्टर टार्वर?"

"या सरकारी वकीलसाहेबांनी, मॅडम. म्हणाले, कबूल कर आणि घरी जा. खटला लढलास तर पाच वर्षं आत. याला दुसरं काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. हात वर करून शपथ घेतलीय, म्हणून सांगितलं."

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. सरकारी वकील फाइल मिटू लागला. वकिलाशी बोलून घ्यायला बाईंनी दहा मिनिटं दिली, आणि तेवढी देणारंही दुसरं कोणी नव्हतं.

लुशस पंप दुरुस्त करतो. अर्ध्या काउंटीच्या विहिरींत त्याने बसवलेले पंप आहेत. तोंडाला कुलूप नाही. माणूस मिळाला नाही तर पंपाशी बोलेल. त्याची बायको व्हर्लीन घरीच डायलिसिसवर आहे, आणि त्या यंत्राला नळाचंच पाणी लागतं. मार्चमध्ये सरकारी नळाला तीन दिवस चहासारखं पाणी आलं. चौथ्या दिवशी हा बाटलीत ते पाणी भरून पाणीपुरवठा कचेरीत गेला. खिडकीवर डेनिस होती. 'साहेब जेवायला गेलेत' असं तिने सांगितलं तेव्हा हा म्हणाला, "या कचेरीला एक दिवस कोणीतरी काडी लावली पाहिजे." आणि बाटली ठेवून घरी आला. संध्याकाळी त्याला बेड्या पडल्या.

व्हरांड्यात त्याची वकील, मिस कॅलोवे, हात जोडायचीच बाकी होती. पोर हुशार आहे, पण तिच्याकडे दीडशे खटले आहेत.

"अहो, ते नुसतं विचारायचं असतं. उत्तर ठरलेलं असतं."

"ठरलेलं असतं तर विचारता कशाला?"

"मिस्टर टार्वर, ऐका माझं."

"या देशात माणसाला बोलायची मुभा आहे ना, पोरी?"

"आहे. पण तुमचं बोलणं राग होता की धमकी, ते बारा माणसं ठरवणार. त्यांनी धमकी म्हटलं तर?"

बाकावरून व्हर्लीन शांतपणे म्हणाली, "मला सुया तू टोचतोस, लुशस. तुझी शपथ नाही टोचत."

तो माझ्याकडे वळला. तो आणि मी एकाच चर्चमधले डीकन, पास्टरांच्या हाताखालचे सेवेकरी. तीस वर्षं शेजारी बसलो आहोत. "होरेस, तू सांग. शपथेवर खोटं बोलू?"

"नाही म्हण आणि घरी जा," मी म्हणालो.

आत गेल्यावर बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"नाही, मॅडम."

"स्वखुशीने कबूल करताय?"

"स्वखुशीने."

शपथेसाठी वर केलेला हात त्याने पँटला पुसला. शिक्षा वाचून दाखवली गेली. तुरुंगाऐवजी पाच वर्षं देखरेख, तोवर मतदान करायचं नाही, आणि डेनिसच्या पाचशे फुटांच्या आत यायचं नाही.

डेनिस आमच्याच चर्चमध्ये गाते, दुसऱ्या रांगेत. हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. नंतर ती माझ्याकडे रडत आली. "ब्रदर होरेस, मी फक्त वर कळवलं. तसं काही कानावर आलं तर कळवायचा नियमच आहे." अट काढा म्हणून सांगायला ती सरकारी वकिलाकडेही गेली. ही अट तुमच्याच रक्षणासाठी आहे, असं सांगून तिला परत पाठवलं.

शनिवारी चर्च रिकामं असताना आम्ही दोघांनी अंतर मोजलं. टेप त्याचीच होती, विहिरीची खोली मोजायची. दाराशी तिचं टोक मी धरलं आणि तो मागे मागे जात राहिला. टेप पुन्हा पुन्हा सरकवत पाचशे फूट भरले ते रस्त्यापलीकडच्या पेकानच्या झाडापाशी. एरवी बडबडणारा माणूस, त्या दिवशी नुसते आकडे सांगत गेला.

रविवारी व्हर्लीन बाकावर एकटी होती. प्रार्थनेची वेळ झाली तशी पास्टरांची नजर सवयीने लुशसच्या जागेकडे गेली. त्याची प्रार्थना इतकी लांबायची की घरी तळलेली कोंबडी गार व्हायची, आणि त्यावरून आम्ही त्याची टर उडवायचो. मग पास्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठलो. कशीबशी चार वाक्यं बोललो, 'आमेन' म्हणालो आणि बसलो.

खिडकीतून झाडाखाली त्याचा ट्रक दिसत होता. एवढ्या लांबून त्याला काही ऐकू येत नसणार. काच खाली होती आणि प्रार्थनेसाठी काढतात तशी त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. आमेन कधी झालं ते त्याला कळायला मार्ग नव्हता. चर्च सुटून व्हर्लीन रस्ता ओलांडेपर्यंत तो तसाच उघड्या डोक्याने बसून राहिला.