पोटातली शीर

हेमाताईंना बोलण्यापासून थांबवणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं, आणि त्या दिवशी तर बाईंचा उत्साह नुसता उतू चाललेला. नौपाड्यात डॉक्टर ऋजुताकडे नव्या उपचाराच्या चाचणीसाठी त्यांच्या नवऱ्याची, हरिहररावांची, तपासणी होती. आमवातानं नऊ वर्षांत त्यांच्या बोटांची पार वाट लावली होती, औषधंही थकली होती. तरी गडी हट्टी! रोज पहिला घास स्वतःच कालवायला जायचा. भात सांडायचा, मग हेमाताई भरवायच्या. या माणसानं पुन्हा आपल्या हातानं वरणभात खावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"मानेतल्या एका नसेला हे यंत्र हलके झटके देतं," ऋजुता समजावत होती. "त्या नसेतून मेंदूचा निरोप खाली पोटात जातो, की बास आता, सूज आवर."

"अगं, मग लाव की लवकर!"

फॉर्मवर 'मज्जातंतूवर शस्त्रक्रिया झाली आहे का?' यापुढे हेमाताईंनी ठसठशीत 'नाही' लिहिलं होतं. ऋजुतानं तपासायला सदरा वर केला, तर बेंबीच्या वर जुना उभा व्रण.

"हा कशाचा?"

"तो होय! अल्सरचा. अठ्ठ्याऐंशी साली, डोंबिवलीला. अ‍ॅसिड कमी व्हावं म्हणून पोटातली शीर कापलेली. हे जाम घाबरलेले, मीच म्हटलं, करून टाका, आणि दिली सही ठोकून!"

ऋजुताचं पेन थांबलं. "काकू, ती रक्ताची शीर नव्हे. मानेतून पोटात उतरणारी हीच नस ती, मज्जातंतू. आता निरोप जाणार कुठून?"

"पण ते शीरच म्हणाले होते गं." शीर म्हणजे रक्ताची, हे काय कुणाला विचारायचं असतं? "जोडता नाही येणार?"

"नाही, काकू. तेव्हा तोच उपचार होता. तुमची चूक नाही."

रिक्षात हेमाताईंच्या तोंडून शब्द फुटेना. नवऱ्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शेवटी त्याच म्हणाल्या, "अहो, बोला ना काहीतरी."

"काय बोलू? पोट दुखायचं थांबलं होतं ना."

घरी हेमाताईंनी वरणभात वाढला, वर लिंबू पिळलं आणि रोजच्यासारखं ताट त्यांच्या पुढ्यात सरकवून थांबल्या. हरिहररावांनी मांडीवरचा हात उचललाच नाही. त्यांनी नुसतं तोंड उघडलं.