किल्लेदारांचा नातू

पश्चिम तांबरमच्या ज्या गल्लीत भीमसेनराव राहत, तिथं दूध लवकर नासायचं. लोक उगाच उकाड्याला दोष देत. खरं कारण भीमसेनरावांची नजर. सकाळी सातला कॉफीचा पेला घेऊन ते गॅलरीत उभे राहत आणि खालून जाणाऱ्याकडे असे काही बघत, की बिचाऱ्याच्या पिशवीतलं दूध घरी पोचेपर्यंत फाटलेलं असे. आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यात छत्तीस वर्षं कारकुनी करून कमावलेली नजर ती. एकदा त्यांनी एका मोठ्या साहेबाकडे तसं पाहिलं, तर साहेबाच्या खुर्चीचा पाय मोडला म्हणतात. साहेब त्यानंतर उभ्यानंच सह्या करायचा.

भीमसेनरावांच्या लेखी जगात माणसं दोन प्रकारची. एक मूर्ख, आणि दुसरे अजून पकडले न गेलेले मूर्ख. पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीला आलेली पोरं मूर्ख, कारण ती तंजावरी मराठी ऐकून हसतात. मोटारींचे सुटे भाग करायला रोज इरुंगाट्टुकोट्टैला जाणारे शेजारी मूर्ख, कारण ते इतक्या लांब जातात. आणि सगळ्या मूर्खांचा शिरोमणी म्हणजे मराठी मंडळाचे चिटणीस दत्ताजी.

दत्ताजींचं असं झालं होतं, की त्यांच्या मोबाइलवर निरोप आला: तुमच्या नंबराला विलायतेत लॉटरी लागली, सोडवून घ्यायला अकरा हजार भरा. दत्ताजींनी भरले. ही गोष्ट दोन हजार सहाची. तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक बैठकीत, हजेरी आणि प्रसाद यांच्या मधोमध, मंडळाचे अध्यक्ष या नात्यानं भीमसेनराव विचारत:

"काय दत्ताजी, विलायतेचं जहाज आलं की नाहीं?"

"पुरे की, राव."

"बंदरावर उभे राहून पाहा. छत्री घेऊन जा हो, ऊन लागेल."

याच भीमसेनरावांनी त्याच वर्षी मंडळाची सूची छापून काढली. सव्वादोनशे घरं. प्रत्येकाचं नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख, जन्मनक्षत्र आणि कुठल्या बँकेतून वर्गणी येते तेसुद्धा. दत्ताजी भीत भीत म्हणाले होते, "इतकं सगळं छापायचं कशास, राव?" त्यावर भीमसेनराव गरजले होते, "लपवतो कोण? ज्याच्या कुळात खोट तो!" सूची दहा रुपयांना विकली. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातसुद्धा मिळे.

दोन हजार सातच्या जूनमध्ये, एका सकाळी साडेदहाला, त्यांच्या घरचा फोन वाजला. त्यांची पत्नी अलमेलू स्वयंपाकघरात काकडी कोचत होती. शाळेतून निवृत्त झालेली बाई; दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यातला एक सोमवारी काढायचा ठरलेला. भीमसेनरावांनी रिसीव्हर उचलला. समोरचा कोण हे कळण्याआधीच त्याचा अपमान करण्याची त्यांची पद्धत होती, म्हणून तोंड उघडलं, तोच कानावर आलं:

"श्रीमंत भीमसेनराव बोलताहेत का?"

उघडलेलं तोंड तसंच राहिलं. पासष्ट वर्षांत त्यांना श्रीमंत कोणी म्हटलं नव्हतं.

"आम्हीच. आपण?"

"मी प्रतापसिंह. साताऱ्याहून. दक्षिणेतल्या थोर मराठी घराण्यांवर ग्रंथ निघतोय. पहिलं पान आपल्याला द्यावं, असं सर्वांचं मत पडलं."

"पहिलंच?"

"रंगीत."

भीमसेनराव खुर्चीवर बसले. मग उठून, शर्ट घालून, पुन्हा बसले. आणि सुरू झाले. तीनशे वर्षांपूर्वी राजांच्या फौजेमागून तंजावरला उतरलेल्या मूळ पुरुषापासून त्यांनी जी सुरुवात केली, ती सव्वा तास थांबली नाही. आठव्या पिढीला हत्ती आला. नवव्या पिढीला त्या हत्तीनं कावेरी अडवली. प्रतापसिंह मधूनमधून "वा" म्हणत होता. पुढंपुढं ते "वा" जांभईसारखं लांबू लागलं.

"आणि आपल्या मातोश्रींचं माहेरचं नाव?" त्यानं हळूच विचारलं. "आजोळही मोठंच असणार."

इथं भीमसेनराव एक क्षण थबकले. एकच क्षण.

"किल्लेदार," ते म्हणाले. "आजोबांच्या कमरेला किल्ल्याच्या सात चाव्या. सोन्याच्या."

"लिहून घेतलं. जन्मतारीख सूचीत आहेच. मानधनाचा चेक कुठल्या खात्यावर धाडू?"

भीमसेनरावांनी पासबुक काढलं आणि खाते क्रमांक अभंगासारखा म्हणून दाखवला.

"अहो," अलमेलूनं आतून विचारलं, "खात्याचा नंबर कशास पाहिजे त्याला?"

"मानधन आहे! तुला काय कळे? आणि ते पचडी मला वाढू नको, मला बाधते."

पचडी म्हणजे कोशिंबीर. चाळीस वर्षांच्या संसारात ती त्यांनी कधी पानात घेतली नव्हती. काकडी, भोपळा, कच्चा आंबा, कशाचीही असो, बाधायची. दह्याला काही होत नसे, काकडीला काही होत नसे. दोन्ही एकत्र आले की भीमसेनरावांना मळमळे. का, ते अलमेलूला पक्कं ठाऊक होतं. ती बोलत नसे. शाळेत चाळीस वर्षं मूर्खांपुढं उभं राहिलेली बाई. एकापुढं गप्प बसणं तिला जड नव्हतं.

शुक्रवारी बँकेतून फोन आला. खात्याचं जरा काम आहे, स्वतः या. सोमवारच्या ऑपरेशनचे पैसे त्याच खात्यातून आजच काढायचे होते, तेव्हा जायचं होतंच. भीमसेनरावांना वाटलं, मानधन आलं. त्यांनी दत्ताजींना बरोबर घेतलं आणि आजोबांच्या सोन्याच्या सात चाव्या निघतानाच ऐकवल्या.

"चला, दाखवतो," ते वाटेत म्हणाले. "सावध माणसाला बँक कशी वागवते ते पाहा. तुम्हाला त्याच बँकेत कोणी पंख्याखाली तरी बसवतं का?"

"नाहीं," दत्ताजी म्हणाले.

"कसं बसवतील!"

काउंटरवर रंजनी नावाची तरुण अधिकारी होती. तिनं खुर्ची दिली आणि तमिळमध्ये हळू आवाजात सांगितलं, "सार, तुमचं खातं आम्ही बंद करून ठेवलंय. कोणीतरी तुमच्या नावानं हेल्पलाइनला फोन केला. पत्ता बदला, नवं कार्ड नव्या पत्त्यावर पाठवा म्हणाला. तुमची जन्मतारीख, जुना पत्ता, खाते क्रमांक, सगळं बरोबर सांगितलं."

भीमसेनरावांच्या डोळ्यांपुढं सूचीतलं पान क्रमांक एक उभं राहिलं. अध्यक्ष म्हणून त्यांनी स्वतःची माहिती ठळक अक्षरांत छापली होती.

"मग पैसे?"

"आहेत. खातं उघडताना तुम्ही एक खूण दिली होती, आईचं माहेरचं नाव. ते त्याला तीन वेळा चुकलं. म्हणून यंत्रणेनं खातं अडकवलं. तेच नाव तुम्ही सांगा, सही करा, मी उघडते. मला ते सुचवता येत नाही. आणि यांना जरा लांब बसायला सांगा."

"बसू द्या," भीमसेनराव म्हणाले. दत्ताजींपुढं माघार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी छाती काढली. "किल्लेदार."

रंजनीचा चेहरा बदलला. तिनं कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"सार, हेच तो चोर सांगत होता. तिन्ही वेळा."

"अहो, पण मीच त्याला—" भीमसेनराव बोलून गेले आणि जीभ चावून बसले.

"तुम्हीच त्याला काय, राव?" दत्ताजींनी अत्यंत नम्रपणे विचारलं.

रंजनीनं दारावरच्या पहारेकऱ्याला खूण केली. तो आला. बंदूक जुनी होती, पण मिशा नव्या होत्या. भीमसेनरावांनी त्याच्याकडे ती नजर टाकली. पहारेकऱ्याला काहीही झालं नाही. उलट त्यानं त्यांचा दंड धरला.

तेव्हा त्यांना आठवलं. चार वर्षांपूर्वी खातं उघडताना अर्ज अलमेलूनं भरला होता. त्यांनी फक्त खाली वळणदार सही ठोकली होती. सोमवारी तिचा डोळा. पैसे आत. आणि ते सोडवणारा एकच शब्द, जो त्यांनी चाळीस वर्षं पानात येऊ दिला नव्हता. तंजावरच्या अन्नछत्रात वाटसरूंना जेवण मिळे, तिथं त्यांचे आजोबा सुब्बा आयुष्यभर पचडी करत. रोज चारशे पानं. लोक त्या घरालाच पचडी म्हणू लागले, आणि त्यांची आई पचडींची मुलगी म्हणून सासरी आली.

भीमसेनरावांनी कागद मागितला. नाव लिहून द्यायला खिशातल्या पेनाकडे हात नेला. पहारेकऱ्यानं दंड आवळला, तसा आवाज गळ्यातून आपोआप सुटला:

"पचडी! पचडी! माझे आजोबा पचडी!"

पेन्शनच्या रांगेतल्या चाळीस माना वळल्या. छतावरचा पंखासुद्धा क्षणभर थांबला म्हणतात, पण तो वीज गेल्यामुळे असेल.

"बरोबर आहे, सार," रंजनी म्हणाली. "पण हळू सांगायचं होतं. आता साऱ्या बँकेनं ऐकलं. खूण बदलावी लागेल. या वेळी अशी ठेवा, जी कोणाला सांगावीशी वाटणार नाही."

दत्ताजी उठून जवळ आले. वर्षभर साठवलेलं हसू त्यांच्या गालांत मावत नव्हतं.

"राव, सोन्याच्या सात चाव्या म्हणजे पळ्या होत्या होय?"

भीमसेनरावांनी पैसे घेतले आणि परतीच्या वाटेवर जन्मात पहिल्यांदा, कोणालाही मूर्ख न म्हणता, सलग दोन किलोमीटर चालले. वाटेत झेरॉक्सच्या दुकानातून सूचीच्या उरलेल्या एकोणीस प्रती त्यांनी पदरच्या पैशांनी विकत घेतल्या. दुकानदारानं सवलत दिली नाही.

सोमवारी अलमेलूचा डोळा झाला. बुधवारी ती पट्टी बांधून आरामखुर्चीत बसली होती, आणि फोन वाजला. भीमसेनरावांनी उचलला.

"लाज नाही वाटत?" पलीकडून प्रतापसिंह ओरडला. श्रीमंत वगैरे काही नाही. "सव्वा तास! हत्तीसकट ऐकून घेतलं मी! आणि शेवटी खोटं? किल्लेदार म्हणे! या धंद्यात इतकी वर्षं काढली, पण इतका खोटारडा माणूस पाहिला नाही!"

भीमसेनराव संतापानं लाल झाले. एका भामट्यानं त्यांना खोटारडं म्हणावं?

"खोटारडा कोणाला म्हणतोस? माझ्या आजोबांनी रोज चारशे पानं—"

"असं? मग खरं नाव काय होतं त्यांचं?" प्रतापसिंहाचा आवाज एकदम मऊ झाला. "श्रीमंत, चूक दुरुस्त करू. पान अजून छापायचं आहे."

"रंगीत?" भीमसेनरावांनी विचारलं.

अलमेलूनं एका डोळ्यानं नवऱ्याकडे पाहिलं. मग बसल्या जागेवरून हात लांब केला, फोनची वायर भिंतीतून उपटली आणि म्हणाली, "पानं घ्या. आज भोपळ्याचं पचडी आहे. आणि खायचं आहे."