काटा खरा होता

तापीबाई गेल्याचा फोन आला तेव्हा तिचा नवरा सुपडू धानोऱ्याच्या मांडवात तिच्याच औषधाच्या पुडीसाठी रांगेत उभा होता. पुढे तीन-चारशे माणसं. भट्टीवरच्या मुशीत चकचकीत पत्र्याची फीत लखलखत पेटली होती, डोळे दिपत होते, आणि तोलनाथ महाराज माईकवर ओरडत होते, "जितका भाव, तितका भार! लाकूड जळलं की घटतं, माणूस जळला की घटतो. हे चंद्रपत्र जळतं आणि वाढतं! वाढवतो कोण?"

"तोलनाथ!" मांडव गरजला.

फोनवर मुलगी रोहिणी होती. "बाबा, माय गयी," एवढंच बोलली.

शेजारच्या निर्मलाबाईने सुपडूचं तोंड पाहिलं आणि हंबरडा फोडला. बातमी रांगेतून सरकत माईकपर्यंत पोहोचली. महाराजांनी डोळे मिटले. "काट्याने दहा दिवस आधीच सांगितलं होतं. बाकीच्यांच्या तीन ग्रॅम पत्र्याची पाच ग्रॅम राख होते, त्या माउलीची सव्वाचारच झाली. घरात शंका होती. शंकेने माउली खाल्ली."

सगळी तोंडं सुपडूकडे वळली.

शंका होती, हे खरं. सुपडू तीस वर्षं नंदुरबारच्या मिरची बाजारात माल तोलणारा मापाडी होता. ओली मिरची वाळल्यावर किती घटेल हे तो मूठ भरून सांगायचा. जळून वाढलेलं मात्र त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. म्हणून मांडव उभा राहिला त्याच दिवशी तो पुढे गेला होता. "महाराज, काटा माले तपासू द्या." घरून आणलेली वजनं त्याने ठेवून पाहिली. खाली लोहचुंबक आहे का ते चाचपलं. कोणाचा अंगठा टेकतोय का यावर नजर ठेवली. काटा चोख निघाला. मग बाजारातल्या सवयीने त्याने भर मांडवात पुकारा केला, "काटा खरा शे!"

या तीन शब्दांवर अर्धं गाव रांगेत लागलं. तापीबाईसुद्धा.

तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा नंदुरबारला मशीनवर रक्त धुवायला जावं लागे. महाराज म्हणाले, "मशीन रक्त धुतं. नशीब धुतं का?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन तापीबाई म्हणाली, "तुम्हीच सांगं व्हतं ना, काटा खरा शे? मंग माले आते सुया नको."

सुपडूने तिला अडवलं नाही. काटा खरा होता, तर अडवणार कसं? दहा दिवस ती मशीनवर गेली नाही. शेवटच्या दिवशी रोहिणीने तिला उचलून दवाखान्यात नेलं, तर तिथूनही तिने नवऱ्याला पुडीसाठीच पिटाळलं.

द्वारदर्शनाला, म्हणजे दुखवट्याला, येणारी माणसं दोन मिनिटं बसत आणि उठत. निर्मलाबाई तेवढी स्पष्ट बोलली, "भाऊ, तू काटा तपासाले जावाले नको व्हतं."

बाजारात काटे दुरुस्त करणारा शकील हा सुपडूचा जुना दोस्त. तोही आला, सोबत मुलगी आफशीन. ती लोणखेड्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. सगळं ऐकून तिने विचारलं, "चाचा, पत्रा कसा होता? हलका, फितीसारखा गुंडाळलेला?"

"हां."

"चाचीच्या वेळी मुशीवर झाकण होतं?"

सुपडू आठवू लागला. झाकण होतं. पण मध्येच महाराजांनी ते चिमट्याने उचललं होतं आणि म्हणाले होते, "यातल्या देवीला मोकळं करतो." पांढरा धूर वर गेला तेव्हा लोकांनी हात जोडले होते. त्यानेही.

"तो धूर म्हणजेच तुमचं कमी पडलेलं वजन," आफशीन म्हणाली.

गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या, दिवशी सगळं गाव अंगणात बसलं होतं. शकीलने काटा मांडला, आफशीनने शेगडी, मुशी आणि शाळेतून आणलेली तशीच फीत. एक म्हातारा चिडला, "सुपडू, आज बी तुले काटाच सुचस?"

"आजच सुचस, काका. पुन्हा तुम्ही मन्हा अंगणमा येवाव नहीत."

पहिली मूस निर्मलाबाईच्या हाताने चढली, तोलनाथाचं नाव घेऊन. झाकण नीट होतं. पत्रा तीन ग्रॅम घातला, जळून झाल्यावर राख तोलली. सुपडूने पुकारा केला, "चार दशांश नऊ!" दुसरी शंकेखोर सुपडूच्या हाताने. चार दशांश नऊ. तिसऱ्या मुशीत पत्रा दुप्पट घातला, राखही दुप्पट भरली. चौथ्या वेळी पुन्हा तीन ग्रॅम घालून आफशीनने झाकण मध्येच उचललं आणि धूर जाऊ दिला. काट्यावर सव्वाचार.

पुढची माणसं काट्यावर वाकली.

"हे मॅग्नेशियम आहे," आफशीन म्हणाली. "जळताना ते हवेतला ऑक्सिजन धरतं. तीन भाग धातूला दोन भाग ऑक्सिजन, तीनाचे पाच. कोणीही जाळा, कुठेही जाळा. पाचाला थोडं कमी भरलं ते झाकणाच्या फटीतून गेलं. देव वाढवत असता तर भक्ताला जास्त आणि चोराला कमी मिळालं असतं. इथे सगळ्यांना सारखं. तुमच्या पोरांच्या पुस्तकात आहे हे."

"आनि ती राख?" सुपडूने विचारलं.

ती शेगडीपासून त्याच्याकडे वळली. "पोट साफ करायच्या औषधात असते. धडधाकट माणसाने थोडी घेतली तर काही होत नाही. पण किडन्या गेलेल्या माणसाच्या अंगात ती साचत जाते, चाचा."

सुपडू काट्याशेजारी खाली बसला. त्या राखेच्या पुड्या त्याने स्वतः पाण्यात कालवून दिल्या होत्या.

निर्मलाबाई पदर सावरत म्हणाली, "मंग मन्हा गुडघा कसा थांबना दुखाना?"

"थांबला का?" आफशीनने विचारलं.

"थांबना नही. पन थांबी."

काही माणसं हसली. काही उठून गेली. जाताना एक जण म्हणाला, "महाराजना हातमा येगळं ऱ्हास." डोळ्यांसमोर चार वेळा तोलून दाखवल्यावर हे! सुपडूला वाटलं, काटा उचलून दगडावर आपटावा. पण काट्याचा काय दोष? काट्याने वजन सांगितलं होतं. ते कशाने वाढलं, हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. सुपडूनेही नाही.

या गोष्टीतून एवढंच सगळ्यांना सांगायचं आहे. डोळ्यांना दिसलं ते खरं असू शकतं आणि त्याचं सांगितलेलं कारण तरीही साफ खोटं असू शकतं. म्हणून कारण विचारा. माणूस बदलून बघा, झाकण लावून बघा, झाकण काढून बघा. आणि तोवर दवाखाना सोडू नका.

तोलनाथाने तापीबाई गेल्याच्या तिसऱ्याच दिवशी धानोऱ्याचा मांडव गुंडाळला होता. आता तो खापर गावात मांडव टाकून बसला आहे आणि माईकवर सांगतो, "नंदुरबारच्या जुन्या मापाड्याने आमचा काटा तपासला आहे."

ते खोटं नाही. पण मापाड्याचा पुकारा अर्धाच झाला होता. उरलेला अर्धा, "पन कारण खोटं शे!", खापरच्या मांडवात उभं राहून, सुपडूने अजून केलेला नाही.