कानाच्या वाट्या आणि एक सोनेरी केस

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझ्यात गाणी लागत नाहीत! मी कानांवर लावायच्या वाट्यांचा एक जुना जोड आहे. दोन लाल वाट्या, आत काळा स्पंज आणि डोक्यावरून जाणारी पट्टी. कानठळ्या बसवणारा आवाज अडवायचा, एवढंच माझं काम. जन्म ऑस्ट्रेलियातला, पण मराठी शिकलो रत्नागिरीच्या मांडवीत, तेही एका नवराबायकोच्या भांडणातून.

तिकडे मी ग्लेन नावाच्या मेकॅनिकच्या डोक्यावर असायचो. छातीपर्यंत दाढी आणि खांद्याखाली सोनेरी केस, असा तो बाप्या. मोटारींच्या शर्यतीत तो चाकं बदलायचा. मोटारी दिसायला लोकांच्या दारात उभ्या असतात तशाच, चार दारांच्या, पण आतून काय काय केलेलं, देव जाणे! शुक्रवारी सराव, शनिवारी सुरुवातीला पुढे कोण उभं राहणार याची चुरस आणि रविवारी खरी शर्यत. रस्ता डोंगरावर चढून पलीकडून उतरायचा आणि फिरून परत तिथेच यायचा. जो तो दुसऱ्यावर डोळा ठेवून. शेजारच्या गाडीवाल्यांनी टायर चादरीखाली झाकले की आमच्याकडे कुजबुज सुरू, "काहीतरी लबाडी आहे." संशय घ्यायची खोड मला तिथेच लागली.

साल पंच्याऐंशी असेल. बंदरावरच्या खलाशांच्या क्लबातले पाद्री तिथे लागलेल्या एका बोटीवरच्या काही जणांना शर्यत दाखवायला घेऊन आले. त्यात मांडवीचा शिवा होता. बोटीच्या इंजिनाला तेलपाणी करायचं त्याचं काम. गाड्या समोरून सुसाट गेल्या तेव्हा सगळ्यांनी कान गच्च दाबले. शिवा आपला खिशात हात घालून हसत उभा! मला वाटलं, सोंग करतोय मेला. गाड्या डोंगराआड गेल्या, तसा ग्लेनने मागून जाऊन त्याच्या कानाशी टाळी वाजवली. शिवा ढिम्म. ग्लेनने मला काढून त्याच्या डोक्यावर बसवलं आणि खुणेनेच सांगितलं, इंजिनापाशी रोज घाल. शिवाचा चेहरा उतरला. समोरच्या माणसाचे ओठ बघून त्याला बोलणं कळायचं, म्हणून आजवर निभावलं होतं. बहिरा ठरला तर नोकरी जाणार. बोटीवर कुणी विचारायला नको, म्हणून त्याने मला ट्रंकेच्या तळाशी दडपलं. मला फार वाईट वाटलं.

मांडवीत ती ट्रंक उघडली त्याच्या बायकोने, दमयंतीने. शेजारची चिमाकाकी लगबगीने आलीच. काकीने मला उलटंपालटं केलं, स्पंजातून एक लांब सोनेरी केस ओढला आणि उजेडात धरला.

"दमे, ह्यो बाईचा केस हाय गो!"

"हे मोटारींची शर्यत बघायला गेलेले म्हणत होते," दमयंती म्हणाली.

"फिरून फिरून परत तिथंच येणाऱ्या मोटारी? त्या कोण बघतंय?"

झालं! दमयंतीच्या मनात पाल चुकचुकली. अहो, केस ग्लेनचा! पण ओरडून सांगायला मला तोंड कुठे आहे?

त्या दिवसापासून ती डोळ्यांत तेल घालून नवऱ्यावर लक्ष ठेवू लागली. खिसे चाचपले, सदरे हुंगले. पाठीमागून हाक मारली तर शिवा ओ देत नव्हता. अंधारात काही बोललं तर गप्प. "मन तिकडंच ठेवून आलेत," तिने ठरवून टाकलं. सरळ विचारायला तिचा तोरा आड येत होता. आणि शिवा तरी काय कमी? कान गेले हे बायकोला सांगायची त्याला लाज.

एका सकाळी शिवा घरापुढच्या खळ्यात नारळ सोलत बसला होता. दमयंती पिशवी भरून दारात उभी राहिली. राही, त्यांची लहान मुलगी, तिच्या कडेवर.

"जावा त्या गोरीकडं!" ती त्याच्या पाठीमागून कडाडली. "मी राहीला घेऊन माहेरी भाट्याला चालले. परत यायची नाय!"

शिवाने मानही वळवली नाही. सोलतच राहिला. आता मात्र ती तरातरा त्याच्या समोर आली. तिला बघून शिवाचा चेहरा खुलला.

"आलीस? सकाळपासून एक शब्द बोलली नाहीस गो माझ्याशी."

दमयंतीच्या हातातली पिशवी खाली पडली. "आत्ता मी काय म्हटलं?" तिने विचारलं. शिवाने मान खाली घातली.

मग त्याने सगळं सांगितलं. दाढीवाल्या ग्लेनचंही. दमयंती रडता रडता हसली आणि मग नुसतीच रडली. कुंपणापलीकडून चिमाकाकी म्हणाली, "दाढीवाला? ह्यात पण कायतरी लबाडी हाय." तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

पुढच्या वेळी बोटीवर निघताना दमयंतीने मला ट्रंकेत ठेवू दिलं नाही. शिवाच्या गळ्यातच अडकवलं. "लोक बघूदेत, नोकरीचं काय ते पुढं बघू. उरलेत तेवढे कान घरी आणा." शिवाने मला इंजिनापाशी रोज घातलं. उरलं तेवढं वाचलं, गेलेलं काही परत आलं नाही. आता मी मांडवीत खुंटीवर असतो. इथून मला रोज दिसतं, दमयंती त्याला मागून हाक मारत नाही. हातातलं काम टाकून समोर येते आणि मग बोलते.

मित्रांनो, कुणी ओ दिली नाही तर लगेच रागावू नका. एकदा समोर जाऊन विचारा. आणि मोठ्या आवाजात काम करणारं तुमच्या घरात कुणी असेल, तर माझ्यासारखा एक जोड त्याला आजच द्या. शिवाला मी उशिरा भेटलो. राही पहिल्यांदा "बाबा" म्हणाली तेव्हा तो पाठमोरा बसला होता.