वीस मिनिटांतला सत्कार

नंदकिशोर हंचाटे यांचे वरचे पुढचे चार दात सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाणार होते. तारीख ठरलेली होती. पुण्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी कवळीचं मापही घेऊन ठेवलं होतं. "काका, भाकरीसुद्धा खाल," त्या म्हणाल्या होत्या. पण प्रश्न भाकरीचा नव्हता. प्रश्न सुंदरीचा होता.

सुंदरी म्हणजे शहनाईची धाकटी बहीण. दीड वीत लांब, आवाजाने थोरलीपेक्षा हट्टी. सोलापूरकडे वाजते, आणि तिकडेही आता मोजक्याच घरांत. नंदकिशोरांनी सोलापुरात पाणीपुरवठा खात्यात बत्तीस वर्षं नोकरी केली, म्हणजे लोकांना पाणी आणि स्वतःला सुंदरी, दोन्ही एक दिवसाआड मिळालं. कवळी लावून ती वाजवता येत नाही. त्यांच्या गुरुबंधूंनी तो प्रयोग करून पाहिला होता. तिसऱ्या सुराला कवळी पहिल्या रांगेत गेली, आणि तिथे बसलेल्या नगरसेवकाने ती अदबीने परत आणून दिली.

तेव्हा दात आहेत तोवर एकदा, एकदाच, चार माणसांसमोर नीट वाजवायचं, एवढीच नंदकिशोरांची इच्छा होती. निवृत्तीनंतर ते पुण्यात राहायला आले, पण तिथे ती पुरी झाली नाही. मग जूनमध्ये ते मुलाकडे, जयेशकडे, तीन महिन्यांसाठी ओसाकाला आले.

जयेशच्या इमारतीत वाद्यांना बंदी होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी सात मिनिटं वाजवल्यावर तिसऱ्या दिवशी टपालपेटीत एक सभ्य चिठ्ठी आली. जयेशने ती वाचून दाखवली. "म्हणतायत, इमारतीत कुठूनतरी आवाज येतोय. कुणाला त्रास होत असल्यास क्षमस्व."

"म्हणजे मला त्रास होतोय का, असं विचारतायत?"

"नाही बाबा. म्हणजे बंद करा."

मग नंदकिशोर रोज सकाळी योदो नदीच्या काठी, रेल्वेच्या पुलाखाली जाऊन रियाज करू लागले. तिथे एक जपानी म्हातारे सॅक्सोफोन घेऊन येत. दोघं एकमेकांना वाकून नमस्कार करत, पुलाचे दोन खांब वाटून घेत आणि आगगाडी गेली की पुन्हा सुरू करत. अडीच महिन्यांत एक शब्द बोलले नाहीत. नंदकिशोरांचा आयुष्यातला तो सर्वांत निरोगी संगीतव्यवहार होता.

आणि जुलैत सून दीप्ती ऑफिसातून आली ती बातमी घेऊनच. ती मराठी मंडळाची चिटणीस होती.

"बाबा, तुम्हाला स्टेज मिळालं!"

शहराच्या उत्तरेला डोंगरात एक मठ होता. म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वी होता. लढाईत जळाला, तेव्हापासून खांबांखालचे दगड तेवढे गवतात रांगेने उरले होते. गावकऱ्यांनी ते जिवापाड सांभाळले होते. दरवर्षी ऑगस्टच्या एका शनिवार-रविवारी त्या दगडांच्या बाजूला लाकडी मंच घालत. झाडांखाली बांबूच्या टोपल्या विणणारे, निळीत कापड बुडवणारे, कागदी कंदील करणारे बसत. मंचावर नाच, ढोल, गाणी. यंदा परदेशी पाहुण्यांसाठी वीस मिनिटं राखली होती आणि ती मराठी मंडळाला मिळाली होती. शनिवार, संध्याकाळी पाच चाळीस ते सहा.

"मुलतानी," नंदकिशोर म्हणाले.

"काय?"

"त्या वेळेचा राग. मुलतानी." आणि ते थेट पुलाखाली गेले.

आठवड्याने मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष रणजित एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर होते. माणूस उत्साही. "काका, तुम्ही आमचे हायलाइट! फक्त एक छोटी गोष्ट. आमचे राजीवसाहेब येतायत. जपानचे हेड. त्यांचा एक छोटासा सत्कार करून घेऊ. हरकत नाही ना?"

नंदकिशोरांची हरकत असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी जन्मात सत्काराशिवाय कार्यक्रम पाहिला नव्हता.

ऑगस्टच्या सुरुवातीला मठात रंगीत तालीम झाली. आयोजकांचे प्रमुख कितामुरा-सान सत्तरीचे, सडपातळ, गळ्यात स्टॉपवॉच. त्यांनी मिनिटामिनिटाचा तक्ता मागितला. रणजितने दिला: मंचावर येणे, एक मिनिट; सुंदरीवादन, अठरा मिनिटं; मंचावरून उतरणे, एक मिनिट. कितामुरा-साननी तो दोनदा वाचला आणि इतके खूश झाले, की स्वतः नंदकिशोरांना दगड दाखवायला घेऊन गेले. दगडांभोवती दोरी होती. दोरीच्या आत ते स्वतःही गेले नाहीत.

परतीच्या गाडीत जयेशने विचारलं, "रणजित, प्रास्ताविक, सत्कार वगैरे तक्त्यात नाही टाकलं?"

"ते कशाला टाकायचं?" रणजितला खरोखरच कळेना. "ते कार्यक्रमाच्या *आधी* असतं ना. कार्यक्रम त्याच्यानंतर सुरू होतो."

गाडीत सहा मराठी माणसं होती. सहाही जणांना हे पटलं. त्यात नंदकिशोरही होते, हे नमूद केलं पाहिजे.

शनिवारी मंडळ पाच चाळीसला मंचावर चढलं. कितामुरा-साननी स्टॉपवॉच दाबलं.

दीप्तीने स्वागत केलं. मराठीत, मग जपानीत. रणजितने प्रास्ताविक केलं, त्यात मंडळाच्या अकरा वर्षांच्या वाटचालीचा धावता आढावा घेतला. तो धावता होता, पण दमत दमत धावत होता. मग दीपप्रज्वलन. मठ आगीत गेलेला, त्यामुळे आवारात काडी पेटवायला बंदी. मंडळाने शंभर येनच्या दुकानातून सेलवर चालणारा दिवा आणून समईत बसवला होता. त्याला खाली एकच बटण होतं. राजीवसाहेबांनी ते दाबलं, दिवा लागला. रणजितने दाबलं, विझला. पाच मान्यवर होते. पाच हा विषम आकडा असल्यामुळे शेवटी दिवा लागलेला राहिला, आणि टाळ्या झाल्या.

मग शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. मग राजीवसाहेबांना "दोन शब्द" बोलण्याची विनंती. त्यांनी आधीच सांगितलं, की ते वेळ घेणार नाहीत. मग नऊ मिनिटं घेतली.

नंदकिशोर मंचाच्या पायरीशी उभे होते. सुंदरीच्या तोंडाशी बसवून फुंकायची पत्ती त्यांनी ओठांत धरून भिजत ठेवली होती. ती सुकू द्यायची नसते, म्हणून त्यांना बोलता येत नव्हतं. ते जयेशकडे बघत होते. जयेश घड्याळाकडे बघत होता. दीप्ती राजीवसाहेबांकडे बघत हसत होती, कारण पहिल्या रांगेतून फोटो निघत होते.

"आणि आता," अखेर दीप्ती म्हणाली, "ज्यांची आपण सगळे वाट बघतोय..."

नंदकिशोर मंचावर आले. बसले. सुंदरी ओठांना लावली. छाती भरून श्वास घेतला.

घंटा झाली.

घंटा लहान होती, पितळी, आणि तिचा नाद फार सुरेख होता. ध्वनिक्षेपक बंद झाले. कितामुरा-सान मंचाच्या कडेला येऊन कमरेत वाकले. मागे ढोल घेऊन बारा शाळकरी मुली रांगेत उभ्या होत्या. घामाने निथळत, पण एकही पाऊल आधी पुढे न टाकता. नंदकिशोरांनी घेतलेला श्वास तसाच सोडला. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. प्रेक्षकांनी त्यांना टाळ्या दिल्या.

"बाबा, सॉरी," गाडीत जयेश म्हणाला.

"पाच मिनिटं इकडेतिकडे करायला काय होतं त्यांना?" रणजित म्हणाला. "मशीन आहेत, मशीन!"

"तुझे साहेब नऊ मिनिटं बोलले," नंदकिशोर म्हणाले.

"काका, ते साहेब आहेत."



घरी पोचून दार उघडतायत तोच दीप्तीचा फोन वाजला. कितामुरा-सान. ती उभ्या उभ्या वाकत ऐकत राहिली आणि फोन ठेवून चीत्कारली, "त्यांना फार आवडलं!"

"काय आवडलं?"

"आपला विधी! शाल देणं, फळ देणं, दिव्याची उघडझाप. म्हणतायत, इतका शांत, प्राचीन नृत्यप्रकार त्यांनी पाहिला नव्हता. आणि शेवटी एक वृद्ध कलाकार वाद्य ओठांना लावतो आणि वाजवत नाही, तिथे दोन बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. उद्या सकाळी अकराला एक गट गळलाय, त्या जागी पुन्हा करा म्हणतायत. तस्संच."

"मग बाबा वाजवतील," जयेश म्हणाला.

"नाही ना. तक्ता त्यांनीच केलाय आजच्यावरून. नवीन काही घालू नका म्हणाले, पत्रकं छापायला गेली."

फोनवरून रणजितने लगेच तोड काढली. "राजीवसाहेब उद्या गोल्फला. सत्कार काकांचाच करू! काका, तुमच्यासारखा सत्कारमूर्ती शोधून मिळायचा नाही."

नंदकिशोर नाही म्हणणार होते. जीभ टाळ्याला लागलीही होती. इतक्यात दीप्तीने मोबाईलवर आलेला तक्ता वाचायला घेतला. स्वागत, तीन मिनिटं. आढावा, चार. दिवा, दोन. शाल-फळ, दोन. सत्कारमूर्तींचं मनोगत, नऊ.

"नऊ?" नंदकिशोर म्हणाले.

"साहेब नऊ मिनिटं बोलले ना, म्हणून."

सत्कारमूर्तीच्या मनोगताला अख्ख्या महाराष्ट्रात कुणी हात लावू शकत नाही. जपानात तर ते छापून आलं होतं. मनोगत तोंडानेच सांगायचं, असं तक्त्यात कुठे लिहिलं नव्हतं. नऊ मिनिटं. सकाळचे अकरा, मुलतानी नाही चालणार. तोडी चालेल.

"येतो," ते म्हणाले. "माझी हरकत नाही."

रविवारी सगळं मिनिटाबरहुकूम झालं. कारण आता सत्कार हाच कार्यक्रम होता, आणि कार्यक्रम म्हटल्यावर मराठी मंडळ वेळ पाळू शकत होतं. दीप्तीने नंदकिशोरांचा परिचय सुंदर वाचला. दिवा लागला, विझला, लागला. पस्तीस अंशांच्या उन्हात रणजितने त्यांच्या खांद्यांवर लोकरीची शाल घातली, डाव्या हातात पुष्पगुच्छ दिला, उजव्या हातात नारळ दिला आणि त्यांच्या पुढ्यात माईक धरला. पत्ती त्यांच्या गालात भिजत होती. सुंदरी सदऱ्याच्या आतल्या खिशात, छातीशी.

तिसरा हात असता, तर ही गोष्ट वेगळी झाली असती.

त्यांनी पुष्पगुच्छ रणजितकडे दिला. रणजितने तो आदराने परत दिला. सत्कारमूर्तीने फुलं परत करायची नसतात. मग नंदकिशोर वाकले आणि नारळ मंचावर ठेवला. मंचाला थोडा उतार होता, पावसाचं पाणी निघून जावं म्हणून. नारळ निघाला. सावकाश, टकटक करत, कडेपर्यंत गेला, खाली गवतात पडला, दोरीखालून आत शिरला आणि साडेचारशे वर्षं कुणी न हलवलेल्या एका दगडाला जाऊन लागला.

दगडाला काही झालं नाही. नारळालाही नाही.

पण कितामुरा-साननी हात वर केला आणि सगळं थांबलं. तीन स्वयंसेवक दोरीपाशी धावले, बूट काढून आत गेले. एकाने दगडाचा फोटो घेतला, एकाने मागच्या वर्षीचा फोटो शोधून दोन्ही शेजारी धरले, तिसरा गुडघ्यांवर बसून दगडावर भिंग फिरवत राहिला. नंदकिशोर मंचावर उभे होते. एव्हाना सुंदरी त्यांच्या हातात होती, पत्ती बसवलेली होती, बोटं छिद्रांवर होती. प्रेक्षक दगडाकडे बघत होते.

"वाजवू का?" त्यांनी जयेशला विचारलं.

"बाबा, आत्ता? प्लीज. बरं नाही दिसणार."

दगड नीट असल्याचं जाहीर झालं. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. नारळ पांढऱ्या कापडात गुंडाळून परत आला. आणि घंटा झाली.

संध्याकाळी झाडांखाली चटया टाकून सगळे कलाकार आणि कारागीर आढाव्याला बसले. इकडे प्रत्येक उत्सवानंतर अशी सभा होते. त्यात आपली चूक आपण सांगायची. टोपलीवाल्या आजी म्हणाल्या, त्यांच्या दोन टोपल्या ओबडधोबड झाल्या. ढोलवाल्या मुली म्हणाल्या, चौथा ठोका उशिरा पडला. कितामुरा-सान म्हणाले, मंचाला उतार आहे हे पाहुण्यांना सांगायला हवं होतं, ती सर्वस्वी त्यांची चूक. आणि कपाळ चटईला टेकेपर्यंत वाकले. रणजित म्हणाला, मंडळाकडून तशी काही चूक झाली नाही, पण पुढच्या वर्षी अजून मोठ्या प्रमाणावर करू.

मग सगळे नंदकिशोरांकडे वळले. कितामुरा-साननी वहीचं नवं पान काढलं.

नंदकिशोरांनी जयेशकडे पाहिलं. "सांग त्यांना. चूक माझी आहे. मी वाजवायला आलो होतो."

जयेश चटईवर सरळ बसला. मग जपानीत बोलला. वाक्य बरंच लांब झालं, आणि त्यात "नारळ" हा शब्द नंदकिशोरांना स्पष्ट ऐकू आला, कारण तो त्याला जपानीत आठवला नव्हता. सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळे वाकले. दोघी-तिघींनी हळहळून "नाही, नाही" अशा अर्थाचे हात हलवले.

"काय सांगितलंस?"

"तेच बाबा. तुम्हाला वाईट वाटतंय म्हणून."

कितामुरा-सान वहीत काहीतरी लिहीत होते. सुबक, उभ्या ओळीत, वेळ घेऊन. लिहून झाल्यावर त्यांनी ते शेजाऱ्याला दाखवलं, शेजाऱ्याने त्याच्या शेजाऱ्याला, आणि वही चटईवरून फिरत फिरत दीप्तीपाशी आली.

"काय लिहिलंय?" नंदकिशोरांनी विचारलं.

"पुढच्या वर्षीसाठी सूचना," दीप्ती म्हणाली. "फळ कापडी असावं. आत कापूस."

सर्वांना ते एकमताने पटलं. दीप्तीने मंडळाच्या वतीने सही केली आणि वही सासऱ्यांच्या पुढे ठेवली. नंदकिशोरांनीही सही केली. खाली, मोडीसारख्या गिचमिड अक्षरात, कलाकार अशा रकान्यात.