कोसमटोल्याची वनबंदी

चैत्र उतरत होता. कोसमटोल्याभोवतीच्या अरण्यात पालवीचा उत्सव भरला होता. कुसुमाच्या झाडांवर कोवळी रक्तिमा, मोहाच्या झाडांवर कोवळी रक्तिमा, आणि त्या ताम्रवर्णी तोरणांतून झिरपणारं, मधुपिंगट, मंदगंधी ऊन. पळस आपलं सगळं अग्निवैभव उधळून कधीच मोकळा झाला होता.

वाटेवर टेंभरं, तेंदूची फळं, पिकून पडली होती. पिवळीधमक, रसाळ, मऊसूत. पडली तशीच राहिली होती आणि त्यांना मुंग्या लागल्या होत्या. पुण्याहून आलेल्या सुमेधानं त्यांतलं एक चुकवून पाय टाकला, पण ती इथं पडून का आहेत, हे काही तिच्या मनात आलं नाही. पिशवीतले प्रश्नावलीचे कागद चुरगळू नयेत, इकडेच तिचं सगळं लक्ष. शिकल्यासवरल्या माणसांचं हे असंच असतं.

माघात ती पहिल्यांदा आली होती. मुलांचं आणि गावांचं निसर्गाशी नातं कसं जुळतं, कसं वाढतं, याचा तिचा अभ्यास. दोन गावं निवडलेली. नदीपलीकडच्या गावात मुलांना दर आठवड्याला वनभ्रमण, पक्षिनिरीक्षण, झाडाला मिठी मारणं, असा सगळा थाट. आणि कोसमटोल्यात काहीच नाही, कारण तुलनेसाठी एक गाव कोरं लागतं. ग्रामसभेत हात जोडून तिनं सांगितलं होतं, तीन महिने इथल्या मुलांना जंगलात न्यायचं नाही, नाहीतर सगळा अभ्यास वाया जाईल.

शाळेच्या सहलीपुरतं ती बोलत होती. पण ज्यांच्या परसात अरण्य सुरू होतं आणि अरण्यात ज्यांचं परस संपतं, त्या माणसांना सहल म्हणजे काय ते कुठून ठाऊक असणार? त्यांनी ऐकलं, माना हलवल्या, आणि शब्द पाळला.

आज तीन महिने पुरे झाले होते. शाळेच्या व्हरांड्यात एकोणीस मुलं भिंतीला टेकून बसली होती. सकाळ सुवर्णमय होती, वारा सुगंधमय होता, पन्नास पावलांवर हरितगहन रान उभं होतं; आणि मुलं बसली होती. तेल लावलेली, भांग पाडलेली, धुतल्या तांदळासारखी स्वच्छ. कुणाचा गुडघा फुटलेला नव्हता. कुणाच्या नखांत माती नव्हती. कुणाच्या ओठांवर कसल्याही फळाचा डाग नव्हता.

"किती शांत मुलं आहेत, गुरुजी," सुमेधा कौतुकानं म्हणाली.

नैताम गुरुजी याच गावचे, याच शाळेत वाढलेले. त्यांचा चेहरा उजळला. "तुमच्या कामात खोट येऊ देली नाही जी. सभेनं ठरवलं होतं. तीन महिने एकबी पोरगं जंगलात गेलं नाही. नदीवर नाही, ढोरं चारायले नाही, मोहावर नाही. बायायनं आळीपाळीनं पाहारा देला."

सुमेधाच्या हातातला पेन थांबला. "मोहावरसुद्धा नाही?"

"नाही जी. यंदा बायायनंच वेचला मोह. पोरं दारातून पाहत राहिली."

मोह वर्षातून एकदाच गळतो. फाल्गुनाच्या उंबरठ्यापासून चैत्राच्या मध्यापर्यंत, पहाटे पहाटे, टपटप, टपटप, पांढुरकं, मांसल, मधाळ फूल भुईवर येतं, आणि अख्खा कोसमटोला टोपल्या घेऊन झाडाखाली वाकतो. त्या धूसर उजेडात कितीएक पिढ्यांची लेकरं वेचता वेचता खात आली, खाता खाता भांडत आली. या वर्षी ती दारात उभी राहिली. सुमेधाच्या शब्दाखातर उभी राहिली. आणि आता मोह संपला होता.

ज्या नात्याचं मोजमाप करायला ती आली होती, ते तिनंच तोडलं होतं. आणि गावानं तिच्यावर रागावायचं सोडून तिचं काम नीट झालं म्हणून आनंद मानला होता. तिला लाज वाटली, भीती वाटली, आणि कुणीतरी आपल्याला शिव्या द्याव्यात असं फार वाटलं.

"जा," ती कशीबशी म्हणाली. "सगळे जा रानात. आत्ता."

मुलांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी गोंधळून मान हलवली. अठरा मुलं उठली आणि पाखरांचा थवा उडावा तशी गेली.

एक राहिली. दहा वर्षांची आचल कोडापे. मूठ मिटून ती सुमेधासमोर येऊन उभी राहिली, मान खाली घालून.

"मॅडम, मी गेलती," ती म्हणाली. "एक डाव. पहाटे, कोनी पाहत नव्हतं तवा."

मूठ उघडली. तळहातावर एकच मोहफूल, वाळून तपकिरी झालेलं, आक्रसलेलं.

"खाल्लं नाही मी. कंपासात ठेवलं होतं. घ्या परत. माझ्यानं तुमचं काम बिघडलं काय जी?"

आपल्याच झाडाचं, आपल्याच भुईवरचं फूल या मुलीनं चोरीचं समजून महिनाभर लपवलं होतं. रात्रंदिवस ती मनात कुढत होती. ही चोरी तिला कुणी शिकवली, हे सुमेधाला लख्ख कळलं. नैताम गुरुजी व्हरांड्याच्या खांबाला हात देऊन उभे होते; त्यांच्या चेहऱ्यावरचा तो उजेड पार मावळला होता.

"बिघडलं," सुमेधा म्हणाली. "पण तुझ्यानं नाही, बाळा. माझ्यानं. हे फूल तुझंच आहे. खा, आणि जा त्यांच्यामागं."

आचलनं ते खाल्लं नाही. रानाकडे पाहिलं, मग सुमेधाकडे.

"तुमी संगं चला ना. कोनी रागवन तं?"

सुमेधानं तिचा हात धरला. दोघी अंगण ओलांडून, शेवटचं घर ओलांडून, ताम्रपल्लवी कमानींखाली शिरल्या. पुढे दूरवर मुलांचा कल्लोळ उसळत होता. भुईवर गळालेल्या पानांचा थर होता, सुकलेला, सोनेरी, खुळखुळणारा. आणि त्या पानांवरून, या अरण्यात जन्मलेली, या अरण्यात रांगलेली आचल श्वास रोखून, चवड्यांवर, एक पाऊल, मग एक पाऊल, एकही पान वाजू न देता चालली होती.